संगीत-मासिकांचीं मुखपृष्ठें

गाणें ऐकावयाचें असतें. त्यावरचें मासिक मात्र पाहून घ्यावयाचें असतें. संगीताला वाहिलेल्या प्रत्येक नियतकालिकापुढें पहिल्या अंकापासून ही अडचण उभी राहते. पाकशास्त्राच्या मासिकाला पक्वान्नाचें चित्र छापतां येतें, प्रवासाच्या मासिकाला डोंगर आणि समुद्र छापतां येतात. परंतु स्वराचें चित्र काढतां येत नाहीं. वीणा काढली तर ती वीणा झाली, नाद नव्हे. मग जी वस्तु डोळ्यांना दाखवितांच येत नाहीं, तिचें आमंत्रण दुकानांतील गिऱ्हाइकाला द्यावें तरी कसें? लंडन, न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रॅन्सिस्को या शहरांतील संपादकांनीं आणि चित्रकारांनीं गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचीं जीं उत्तरें शोधलीं, त्यांतून मुखपृष्ठाचे कांहीं संकेत रूढ झाले. नांव सर्वांत वर. त्याखालीं एक मोठा चेहरा. त्या चेहऱ्याचे डोळे थेट पाहणाऱ्याकडे. आणि बाजूला चार-दोन ठळक ओळी. हे संकेत आज इतके अंगवळणीं पडले आहेत कीं, ते कोणी तरी, कांहीं तरी कारणानें पाडले असतील हें ध्यानांतहि येत नाहीं.

वरवर पाहतां हा सजावटीचा विषय वाटतो. पण पानावर मोठा चेहरा एकच मावतो, आणि तो कोणाचा असावा हें कोणी तरी ठरवीत असतें. तेथें सजावट संपते आणि दुसराच विषय सुरू होतो.

या संकेतांचें मूळ मासिकांत नाहीं. तें सुट्या गाण्यांच्या छापील प्रतींत आहे. ध्वनिमुद्रिका घरोघर पोंचण्यापूर्वीं युरोप-अमेरिकेंत गाणें विकत घेणें म्हणजे त्याची स्वरलिपि विकत घेणें. चार-सहा पानांची ती प्रत पियानोवर ठेवावयाची आणि घरांतल्या मुलीनें ती वाजवावयाची, अशी चाल होती. या प्रतींच्या वरच्या पानावर गाण्याच्या विषयाला शोभेल असें रंगीत चित्र असे, आणि एका बाजूला लहानशा वर्तुळांत किंवा चौकटींत, तें गाणें रंगभूमीवर गाजविणाऱ्या गायकाचें अथवा गायिकेचें छायाचित्र असे. गंमत अशी कीं, तेंच गाणें दुसऱ्या गायिकेनें लोकप्रिय केलें तर प्रकाशक बाकीचें सारें चित्र तसेंच ठेवी आणि वर्तुळांतला चेहरा तेवढा बदली. गाणें तेंच, रचनाकार तोच, चित्र तेंच; परंतु गिऱ्हाईक कोणत्या चेहऱ्यासाठीं थांबतें हें दुकानदारानें ओळखलें होतें. संगीत-मासिकाच्या मुखपृष्ठाचा पुढचा सारा इतिहास म्हणजे त्या कोपऱ्यांतल्या वर्तुळानें हळूहळू सबंध पान व्यापणें होय.

पहिल्या मासिकांना याची घाई नव्हती. थिओडोर प्रेसर यांनीं १८८३ सालीं अमेरिकेंत ‘दि एट्यूड’ हें मासिक काढलें आणि तें १९५७ पर्यंत चाललें. त्याचे वाचक म्हणजे पियानोचे शिक्षक, शिक्षिका आणि विद्यार्थी. त्याच्या मुखपृष्ठांवर थोर रचनाकारांचीं चित्रें येत, घरगुती प्रसंग येत. संगीत ही कुलीन घराची शोभा आहे, हा त्या चित्रांतला भाव. तेथें चेहरा असला तरी तो बहुधा कै. बीथोवेनसारख्या कोणाचा तरी असे, आणि कै. बीथोवेन यांना मुखपृष्ठावर येण्यानें कांहीं लाभ होण्याजोगा नव्हता.

त्यानंतरचीं प्रमुख पत्रें मासिकांपेक्षां वृत्तपत्रांच्या जातीचीं होतीं. लॉरेन्स राइट या गीत-प्रकाशकानें १९२६ च्या जानेवारींत लंडनला ‘मेलडी मेकर’ सुरू केलें. नाचगाण्याच्या बँडमध्यें वाजविणारे व्यावसायिक वादक हे त्याचे मुख्य गिऱ्हाईक. शिकागोला १९३४ सालीं ‘डाउन बीट’ निघालें, तें जॅझसाठीं. लंडनलाच मार्च १९५२ मध्यें ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ निघालें आणि त्याच वर्षीं १४ नोव्हेंबरच्या अंकापासून त्यानें सर्वाधिक खपणाऱ्या ध्वनिमुद्रिकांची यादी छापावयास आरंभ केला. ब्रिटनमधील अशी ती पहिलीच यादी. अशा पत्रांचें पहिलें पान म्हणजे वृत्तपत्राचें पहिलें पान: मथळे, रकाने, बातम्या. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’नें तर पुष्कळ वर्षें पहिल्या पानाची जागा जाहिरातीला दिली. नवी ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी पैसे भरी आणि आपल्या गायकाचा चेहरा तेथें छापवून घेई. ही रीत आज ऐकावयास कशीशीच वाटते. तरी तिच्यांत एक सरळपणा होता. पान विकलेलें आहे हें वाचकाला दिसत असे. पुढें संपादक स्वतः चेहरा निवडूं लागले तेव्हां ती निवड कोणत्या हिशेबानें झाली हें कळण्याचा मार्ग वाचकाला उरला नाहीं.

आतां संकेतांकडे वळावें. नांव वर कां? याचें कारण सौंदर्यशास्त्रांत शोधण्याचें प्रयोजन नाहीं; तें सुतारानें केलेल्या फळीत आहे. लंडन-न्यूयॉर्कच्या वृत्तपत्र-विक्रेत्यांच्या दुकानांत मासिकें पायऱ्यांसारख्या उतरत्या फळ्यांवर, एकापुढें एक लावलेलीं असतात. पुढचा अंक मागच्याचा बराचसा भाग झांकतो आणि उघडी राहते ती वरची चार बोटांची पट्टी. त्या पट्टींत नांव नसेल तर तें मासिक दुकानांत असून नसल्यासारखें. कांहीं ठिकाणीं अंक एकमेकांवर आडवे सरकवून ठेवतात. तेव्हां डावी कड उघडी राहते. म्हणून नांवाचीं पहिलीं अक्षरें डाव्या कोपऱ्यांत आणि महत्त्वाची ओळहि डाव्या बाजूला. पाश्चात्य चित्रकारांच्या हाताला हें वळण इतकें बसलें आहे कीं, पानाचा उजवा खालचा कोपरा ते जवळजवळ सोडूनच देतात. मुंबई-पुण्याच्या स्टॉलवर मासिकें दोरीला चिमटे लावून सबंध टांगलेलीं दिसतात. तेथें हा नियम तितकासा लागू नाहीं, आणि आपल्याकडील चित्रकारांना पानभर मोकळेपणानें वावरतां आलें याचें एक कारण ही दोरी असावी.

नांव वर असलें तरी तें पूर्ण दिसलेंच पाहिजे असें नाहीं, आणि येथें संकेताची दुसरी पायरी लागते. पुष्कळ मासिकांवर गायकाचें डोकें नांवाच्या पट्टींत घुसलेलें असतें आणि मधलीं दोन-तीन अक्षरें त्यामागें झांकलेलीं असतात. नवशिक्याला ही चूक वाटते. वस्तुतः ती श्रीमंती आहे. ज्याचें नांव अर्धें झांकूनहि ओळखतां येतें तोच तें झांकूं शकतो. काल निघालेल्या मासिकाला हें परवडत नाहीं. डोकें अक्षरांच्या पुढें आल्यानें तो माणूस पानांतून बाहेर येत आहे असाहि भास होतो. मराठी घरांना नांव न वाचतां मासिक ओळखण्याची कला नवी नाहीं: १९४५ सालीं निघालेल्या ‘दीपावली’चा अंक दीनानाथ दलालांच्या रंगांवरून आणि रेषेवरून दुरूनच ओळखूं येई.

तिसरा संकेत डोळ्यांचा. माणसाचें लक्ष सर्वांत आधीं दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे जातें. तान्हें मूलसुद्धां आईच्या डोळ्यांकडे पाहतें. फळीवर साठ-सत्तर अंक असतांना जो चेहरा सरळ रोखून पाहतो तो गिऱ्हाइकाला अडवितो. म्हणून लोकप्रिय गायनाच्या मासिकांत गायक तुमच्याकडे पाहतो. जॅझच्या आणि अभिजात संगीताच्या मासिकांत मात्र मिटलेले डोळे, खालीं वळलेली मान, तारेवर खिळलेली नजर हीं चालतात; किंबहुना तीं अपेक्षितच असतात. तेथें वाचकाला सांगावयाचें असतें कीं, हा कलावंत तुमच्यासाठीं थांबलेला नाहीं, तो आपल्या संगीतांत आहे. एका नजरेच्या दिशेवरून आंतील मजकूर कोणत्या जातीचा आहे हें सवयीच्या वाचकाला कळतें.

राहिल्या त्या बाजूच्या ओळी. त्यांतील सर्वांत मोठी मुख्य कलावंताच्या नांवाची. बाकीच्या उतरत्या आकाराच्या. त्यांत एखादा आंकडा हटकून असतो: अमक्या वर्षांतल्या पन्नास ध्वनिमुद्रिका, तमक्या वाद्याचे शंभर वादक. या याद्यांनीं रसिकता किती वाढली हा प्रश्न वेगळा. भांडणें पुष्कळ वाढलीं, आणि भांडणासाठीं अंक घ्यावा लागतो. १९७४ नंतर अमेरिकेंतील दुकानांत उभ्या काळ्या रेघांची सांकेतिक पट्टी वाचणारीं यंत्रें आलीं, आणि मग तीहि मुखपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यांत येऊन बसली. ती कोणालाच आवडत नाहीं आणि कोणालाच काढतां येत नाहीं.

हे सारे धागे एका ठिकाणीं पाहावयाचे तर ‘रोलिंग स्टोन’ या पत्राकडे पाहावें. सॅन फ्रॅन्सिस्को येथें जॅन वेनर हा एकवीस वर्षांचा तरुण आणि राल्फ ग्लीसन हे मुरलेले संगीत-समीक्षक यांनीं तें काढलें. पहिल्या अंकावर ९ नोव्हेंबर १९६७ ही तारीख आहे. भांडवल तुटपुंजें, कागद वृत्तपत्राचा, किंमत पंचवीस सेंट. मोठें पान पुन्हां मधोमध दुमडून विकीत, म्हणजे फळीवर दिसे तें अर्धेंच पान. पहिल्या पानावर जॉन लेनन यांचें छायाचित्र होतें. परंतु त्यांत ना गिटार, ना ध्वनिक्षेपक. एका युद्धविषयक विडंबनपर चित्रपटांत त्यांनीं काम केलें होतें, त्यांतील सैनिकाच्या वेषांतलें, डोक्यावर शिरस्त्राण असलेलें तें चित्र. संगीताच्या पत्राच्या पहिल्या अंकावर शिपाई! पण तो शिपाई कोण हें प्रत्येक वाचकाला ठाऊक होतें, आणि वाद्याशिवाय नुसता चेहरा पुरतो हें त्या अंकानें दाखवून दिलें.

नांवाचीं अक्षरें रिक ग्रिफिन या चित्रकाराचीं. त्या काळीं सॅन फ्रॅन्सिस्कोंत संगीताच्या जलशांचीं भित्तिपत्रकें काढणारा एक चित्रकारवर्ग उदयास आला होता. वळसेदार, फुगीर, एकमेकांत गुंतलेलीं अक्षरें ही त्यांची खूण. ग्रिफिन यांचा नांवाचा आराखडा अजून कच्चा होता. अंकाची वेळ आली म्हणून तो तसाच छापण्यांत आला. पुढें १९७७ सालीं, पत्राला दहा वर्षें झालीं तेव्हां, जिम पार्किन्सन या अक्षरकारानें तीं अक्षरें नीट घोंटून दिलीं. पण शेपट्या आणि वळसे राहूं दिले. कच्च्या आराखड्याला दहा वर्षांत परंपरेचा मान मिळाला, आणि मग तो मोडण्याचें धाडस कोणालाच झालें नाहीं. या पत्राचा आकारहि इतरांहून मोठा होता. तो त्याचा अभिमान होता खरा. पण दुकानांतील ठराविक मापाच्या खणांत तो मोठा अंक बसत नसे. शेवटीं ऑक्टोबर १९०८ नव्हे, ऑक्टोबर २००८ मध्यें, म्हणजे चाळीस वर्षांनीं, त्यानें आपला आकार चारचौघांसारखा करून घेतला. सुताराच्या फळीपुढें अभिमान इतकाच टिकतो. (२०१८ मध्यें तें पत्र मासिक झालें आणि पुन्हां थोडें मोठें झालें.)

अक्षरांनींच नाद सुचविण्याचा प्रयत्न इंग्लंडांत अधिक झाला. जून १९८१ मध्यें निघालेल्या ‘केरॅंग’ या पत्राचें नांवच मुळीं विजेच्या गिटारीवर जोरानें हात मारल्यावर उठणाऱ्या आवाजाचें अनुकरण आहे, आणि त्याचीं अक्षरें आघातानें तडकलेल्या कांचेसारखीं काढलेलीं आहेत. त्याच सुमारास ‘दि फेस’ या मासिकांत नेव्हिल ब्रोडी यांनीं ठशांशीं मनसोक्त खेळ केला आणि एक पिढीभर चित्रकार त्यांचें अनुकरण करीत राहिले. संगीताचें दृश्य रूप शोधण्याचे हे खरे प्रामाणिक प्रयत्न. दुर्दैवानें ते नांवाच्या पट्टीपुरते राहिले, पट्टीखालीं चेहराच.

या चेहऱ्यापायीं वाद्य कसें मागें पडलें हें पाहण्यासारखें आहे. अभिजात संगीताच्या मासिकांनीं अद्याप वाद्य सोडलेलें नाहीं. लंडनचें ‘ग्रामोफोन’ हें मासिक कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेंझी यांनीं एप्रिल १९२३ मध्यें काढलें. तें आजहि निघतें, आणि त्याच्या मुखपृष्ठांवर व्हायोलिन हनुवटीखालीं धरलेली वादिका किंवा हात उंचावलेला वाद्यवृंद-संचालक दिसतो. लोकप्रिय गायनाच्या मासिकांत मात्र छायाचित्राची कड मनगटाच्या वर, मग खांद्याच्या वर, मग हनुवटीखालीं येत गेली. हात गेले तसें वाद्यहि गेलें. गायकाच्या हातीं मुळांत वाद्य नसतें हें खरें. परंतु ढोलकें बडविणारा, मंद्र तारा छेडणारा, ज्यांच्यावांचून गाणें उभेंच राहत नाहीं, ते सारे साथीदार चौकटीबाहेर गेले. संगीत अनेकांनीं मिळून करावयाचें, आणि मुखपृष्ठ एकाचें. ही हानि लहान नाहीं.

मुखपृष्ठावर येणें हीच एक पदवी कशी झाली याचा एक मजेदार दाखला आहे. शेल सिल्व्हरस्टीन यांनीं याच विषयावर एक थट्टेचें गीत लिहिलें: सारें कांहीं मिळालें, पण ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठावर कांहीं जागा मिळत नाहीं, अशी त्यांत गायकांची कुरकुर. ‘डॉक्टर हूक’ या मंडळीनें तें १९७२ सालीं गाइलें आणि तें अमेरिकेंतील यादींत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलें. पत्रानेंहि विनोद ओळखला. २९ मार्च १९७३ च्या अंकावर ही मंडळी झळकली. पण छायाचित्र नव्हे, व्यंगचित्र. आणि नांवाच्या जागीं ‘ते कोण बरें ते’ अशा अर्थाचे शब्द! इंग्लंडांत बी. बी. सी.नें हें गाणें ऐकविण्यास नकार दिला. एका विक्रीच्या मालाचें नांव त्यांत वारंवार येतें, म्हणजे ती जाहिरात झाली, हें कारण. मग तेथें नांव बदलून ‘रेडिओ टाइम्स’, म्हणजे खुद्द बी. बी. सी.चेंच पत्र, घातलेली आवृत्ति वाजविण्यांत आली. आपल्या घरची जाहिरात ती जाहिरात नव्हे, हा न्याय सर्व देशांत सारखाच दिसतो. असो.

थट्टा येथें संपते. ज्यांना खरोखरच जागा मिळाली नाहीं त्यांची गोष्ट निराळी आहे. ‘टाइम’ हें कांहीं संगीताचें पत्र नव्हे. पण १९५४ साली, ८ नोव्हेंबरच्या अंकावर, त्यानें पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांचें चित्र छापलें. ब्रुबेक गोरे होते आणि त्यांची कीर्ति तेव्हां कांहीं वर्षांची होती. त्यांच्याच दौऱ्यांत बरोबर असलेले ड्यूक एलिंग्टन हे कृष्णवर्णी श्रेष्ठ रचनाकार त्यापूर्वीं पंचवीस-तीस वर्षें जॅझची धुरा वाहत होते. सकाळीं हॉटेलांत ब्रुबेक यांच्या दारावर टकटक झाली. दारांत एलिंग्टन उभे, हातांत तो अंक. त्यांनीं अभिनंदनासाठींच तो आणला होता. ब्रुबेक यांनीं पुढें अनेकदां सांगितलें कीं, त्या क्षणीं त्यांना आनंद झाला नाहीं, लाज वाटली. हा मान आधीं एलिंग्टन यांचा होता. एलिंग्टन यांचें चित्र त्या पत्रावर आलें तें २० ऑगस्ट १९५६ रोजीं.

‘रोलिंग स्टोन’बद्दल बोलतांना न्यायानें बोललें पाहिजे. त्याच्या दुसऱ्याच अंकावर टीना टर्नर होत्या, आणि २९ एप्रिल १९७१ च्या अंकावर बारा वर्षांचा मायकेल जॅक्सन होता. परंतु हाच जॅक्सन मोठा झाल्यावर, १९७९ सालीं, त्याची ‘ऑफ द वॉल’ ही ध्वनिमुद्रिका देशभर गाजत असतां, त्याच्या प्रसिद्धि-प्रतिनिधीनें मुखपृष्ठाची मागणी केली, तेव्हां वेनर यांनीं कळविलें कीं, लेख देऊं, पण हा विषय मुखपृष्ठाचा नाहीं. ‘थ्रिलर’ ही त्याची पुढची ध्वनिमुद्रिका १९८२ च्या नोव्हेंबरअखेर निघाली, आणि १७ फेब्रुवारी १९८३ च्या अंकावर त्याला जागा मिळाली. काळा चेहरा दुकानांत खपत नाहीं, ही समजूत त्या धंद्यांत खोल रुजलेली होती. ती खरी कीं खोटी हें तपासण्याचा उपाय एकच होता, तो म्हणजे असे चेहरे छापून पाहणें. आणि समजूत होती म्हणूनच ते छापले जात नव्हते. खपत नाहीं म्हणून दाखवीत नाहींत, आणि दाखवीत नाहींत म्हणून खपत नाहीं, असा हा रहाटगाडग्याचा फेरा. तो बाहेरून फोडावा लागला. १९८८ मध्यें ‘दि सोर्स’ निघालें, १९९३ पासून ‘व्हाइब’ नियमित निघूं लागलें, आणि अमेरिकेंतील कृष्णवर्णी तरुणांच्या गायकीला स्वतःचीं मुखपृष्ठें मिळालीं. संकेत तेच: नांव वर, डोळे समोर, डोकें अक्षरांवर. चेहरे तेवढे बदलले, आणि तेहि खपले.

हा वाद जुना झाला असें म्हणावें तर २०२३ सालीं तो पुन्हां उघडा पडला. वेनर यांनीं स्वतः घेतलेल्या मुलाखतींचा संग्रह ‘द मास्टर्स’ या नांवानें प्रसिद्ध केला. त्यांत सात कलावंत. सातहि गोरे, सातहि पुरुष. एकहि स्त्री अथवा कृष्णवर्णी कलावंत कां नाहीं, असें विचारलें असतां, त्या कलावंतांना आपल्या कलेविषयीं तितक्या बौद्धिक उंचीवरून बोलतां येत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें. त्यांनींच ज्या गौरव-संस्थेची स्थापना करण्यांत भाग घेतला होता, तिच्या संचालक मंडळावरून त्यांना दुसऱ्याच दिवशीं दूर करण्यांत आलें. त्यांनीं क्षमाहि मागितली. परंतु पन्नास वर्षें हजारावर मुखपृष्ठें ज्याच्या संमतीनें निघालीं त्या मनुष्याच्या मनाची चौकट कशी होती, हें त्या एका उत्तरानें दाखविलें.

संकेत किती बळकट आहे हें तो मोडल्यावर कळतें. ८ डिसेंबर १९८० रोजीं ॲनी लीबोविट्झ या छायाचित्रकर्तीनें जॉन लेनन आणि त्यांची पत्नी योको ओनो यांचें छायाचित्र घेतलें. पत्राला लेनन एकटेच हवे होते. पत्नीवांचून येणार नाहीं असें त्यांनीं बजावलें. चित्रांत ते विवस्त्र, अंगाची जुडी करून, संपूर्ण वस्त्रांत असलेल्या पत्नीला बिलगलेले आहेत. एखादें मूल आईला बिलगावें तसे. डोळे मिटलेले. त्याच रात्रीं लेनन यांचा खून झाला. २२ जानेवारी १९८१ च्या अंकावर तें चित्र छापलें तेव्हां पत्राच्या नांवाखेरीज त्यावर मथळा नाहीं, बाजूच्या ओळी नाहींत, गायकाचें नांवहि नाहीं. फळीवर साऱ्या ओरडणाऱ्या अंकांमध्यें तेवढा एक गप्प होता. अमेरिकेंतील मासिक-संपादकांच्या संघटनेनें २००५ सालीं मागील चाळीस वर्षांतील सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून याचीच निवड केली.

याच्या उलट टोकाचा दाखला २०१३ चा. त्या वर्षीं १५ एप्रिलला बोस्टन येथील मॅरेथॉन शर्यतींत बाँबस्फोट होऊन तीन माणसें ठार झालीं. आरोपींपैकीं जो तरुण जिवंत सांपडला त्याचें, त्यानें स्वतःच काढलेलें, विस्कटलेल्या केसांचें एक छायाचित्र होतें. ५ मे रोजीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें तें पहिल्या पानावर छापलें, फारशी ओरड झाली नाहीं. १ ऑगस्टच्या अंकावर ‘रोलिंग स्टोन’नें तेंच छायाचित्र छापलें आणि गहजब उडाला. मोठ्या दुकान-साखळ्यांनीं अंक विकावयास नकार दिला. बोस्टनच्या महापौरांनीं निषेधाचें पत्र धाडलें. आंतील लेख गंभीर होता, परिश्रमपूर्वक लिहिलेला होता, आणि मुखपृष्ठावर त्या तरुणाला राक्षस म्हटलेलें होतें. त्याचा उपयोग झाला नाहीं. छायाचित्र एकच, मग वृत्तपत्रावर चाललें तें येथें कां चालेना? कारण पंचेचाळीस वर्षें त्या वळसेदार अक्षरांखालीं जे चेहरे आले ते बहुतेक गौरवासाठींच आले होते. लोकांनीं शब्द वाचले नाहींत, जागा वाचली. नांव वर, डोळे समोर, केस कपाळावर: गायक ज्या आसनावर बसतो त्या आसनावर खुनाचा आरोपी बसला होता. संपादकांना हें कळलें नसेल असें मानणें कठीण आहे. त्या अंकाची दुकानांतील विक्री नेहमीच्या सुमारें दुप्पट झाली असें पुढें प्रसिद्ध झालें. मृतांच्या आप्तांना ज्या शहरांत तो अंक फळीवर पाहावा लागला असता, त्या शहरांतल्या दुकानदारांनीं तो ठेवला नाहीं हें योग्यच केलें.

भारतांत या पाश्चात्य साच्याचा प्रवेश उशिरां झाला. गांधर्व महाविद्यालय मंडळाचें ‘संगीत कला विहार’ हें मासिक १९४७ पासूनचें, प्रो. बा. र. देवधर हे त्याचे आद्य संपादक. तें विद्यार्थी, शिक्षक आणि जाणकार यांच्यासाठीं, बहुतेक वर्गणीदारांच्या घरीं टपालानें जाणारें. ज्या अंकाला फळीवर झुंजावयाचें नाहीं त्याला गिऱ्हाइकाकडे रोखून पाहणाऱ्या डोळ्यांची गरज कमीच. २००८ सालीं मुंबईहून ‘रोलिंग स्टोन’ची भारतीय आवृत्ति निघूं लागली, ती मात्र वळसेदार अक्षरें आणि त्यांखालचा चेहरा असा सारा साचा बरोबर घेऊनच.

परदेशांत ती फळीच आतां रिकामी होत आहे. ‘मेलडी मेकर’ २००० सालच्या अखेरीस ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’मध्यें विलीन झालें. त्या दुसऱ्या पत्रानें सप्टेंबर २०१५ पासून अंक फुकट वाटून पाहिला, आणि मार्च २०१८ मध्यें साप्ताहिक छापणें थांबविलें. आतां यांपैकीं पुष्कळ पत्रें केवळ पडद्यावर पाहण्यासाठीं मुखपृष्ठें तयार करतात. त्यांना तीं ‘डिजिटल मुखपृष्ठ’ म्हणतात. त्या पानामागें अंक नसतो, पुढें दुसरा अंक सरकलेला नसतो, वरची चार बोटें तेवढीं उघडीं राहण्याचें कारण उरलेलें नसतें. तरी नांव सर्वांत वरच असतें, अक्षरें डोक्यामागें झांकलेलीं असतात, आणि डोळे समोर. नव्या गायकाच्या आईबापांना तो अंक कांचेच्या चौकटींत बसवून दिवाणखान्यांत लावावयाचा असेल, तर तो आधीं कोठें तरी छापून आणावा लागतो.